साठ वीत सावली

माइक हातात आला तसा त्याने आधी त्यात फुंकर मारली आणि मग म्हणाला, "बसा, बसा."

सगळे बसलेलेच होते. आमची बस कैरो सोडून वाळवंटातल्या रस्त्याने अलेक्झांड्रियाकडे चालली होती. पोट बिघडल्यामुळे तो तीन दिवस हॉटेलच्या खोलीतच पडून होता, म्हणून त्याची ओळख तेवढी राहिली होती. मी खिडकीबाहेर बघत होते. पण त्या "बसा, बसा"ने माझी मान वळली. वर्गात पाऊल टाकताना तो अगदी असंच म्हणाला होता, पस्तीस वर्षांपूर्वी.

"मी अनंत वाळिंबे. जिल्हा परिषदेतून शिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालो. हाताखाली बाराशे शाळा होत्या. आता मी हिच्या हाताखाली," असं म्हणून त्याने शेजारच्या नातीच्या डोक्यावर हात ठेवला. लोक हसले.

आमचा टूर मॅनेजर निनाद म्हणाला, "काका, नुसत्या ओळखीवर सुटका नाही. इथे प्रत्येकाने एकेक किस्सा सांगितलाय."

"किस्सा काय, तपासणीचे शंभर आहेत." त्याने घसा साफ केला. "चौऱ्याहत्तर साल. मी नुकताच विस्तार अधिकारी झालेलो. कोकणात समुद्रकाठी एक दोनशिक्षकी शाळा होती, तिथे गेलो. चौथीच्या वर्गाला तोंडी गणित घातलं. चार हात काठीची सावली सहा हात पडते, त्याच वेळी माडाची सावली साठ हात पडते, तर माड किती उंच? माझं बोलणं पुरं व्हायच्या आत मासेवाल्याची एक पोर उठली आणि म्हणाली, चाळीस. आता तुम्हीच सांगा, इथे इंजिनियर लोक बसलेत, कुणाला जमलं?"

"आम्हाला अजून प्रश्नच कळला नाही," मागून एक जण म्हणाला.

"तेच तर. मी म्हटलं, बाळ, रीत सांग. तर म्हणते, सावलीचा तुकडा काढून टाकला. कसली रीत आणि कसलं काय. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मघाशी हीच पोर माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, आणि गणिताचा कागद उत्तरासकट टेबलावर पडलेला."

"मग काय केलंत?"

"उन्हात झेंड्याच्या काठीखाली उभी केली. म्हटलं, घे, आता मोज सावली."

बस हसली. नात मनवाही हसली. माझ्या शेजारी माझी नणंद बसली होती, ती तर डोळे पुसायला लागली. "मोठा मिश्कील दिसतोय गं हा," ती म्हणाली.

"हो ना, वन्सं," मी म्हटलं.

त्या मुलीचं नाव शेवंती कुबल, वय वर्षं नऊ. तिचा वर्ग माझा होता. तेव्हा मी जुवेकर बाई होते, तेवीस वर्षांची, नोकरीत अजून कायम न झालेली. लग्नानंतर मराठे झाले, केस पांढरे झाले, चष्मा लागला. त्याने मला ओळखण्याचं काही कारण नव्हतं.

शेवंतीला पाढे धड येत नसत. पण होड्या किनाऱ्याला लागल्या की टोपलीत किती बांगडे आहेत ते ती लांबून सांगायची. चार हाताची सावली सहा झाली, म्हणजे सावलीतला तिसरा वाटा जास्तीचा, तो काढून टाकायचा, हे तिचं तिने शोधलं होतं. साठातले वीस गेले, चाळीस उरले. शाळेच्या अंगणात काठ्या रोवून आम्ही सावल्या मोजत असू, तेव्हा तिनेच ते मला समजावून सांगितलं होतं.

त्या दिवशी ती अकरापासून मधली सुट्टी होईपर्यंत उन्हात उभी राहिली. सुट्टीत मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "बाई, सायबांचा बोलणा पुरा होवच्या आधी सांगलंय, म्हणान चुकला काय?"

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. आठवड्याने मला बंदरावर दिसली, आईबरोबर मासळी वाळत घालत होती. मी हाक मारली. तिने वर पाहिलं नाही.

आणि हा माणूस पस्तीस वर्षं ती गोष्ट विनोद म्हणून सांगत फिरत होता.

बसमध्येच माझं ठरलं. संध्याकाळी ही बस परत फिरायच्या आत, ह्याच तीस माणसांसमोर, ह्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, की त्या मुलीने कागद बघितला नव्हता. नुसतं विचारून तो कबूल होणार नव्हता. साहेब लोक विचारून कबूल होत नाहीत.

मनवा चौथीत होती. तीन दिवसांत ती मला चिकटली होती. आजोबा आजारी, आजी त्यांच्या उशाशी, त्यामुळे पोर माझ्या हवाली. पिरॅमिडपाशी तिला, आणि सहलीतल्या आणखी दोन मुलांना, मी सावलीवरून उंची काढायला शिकवलं होतं. मी त्रैराशिक समजावत होते आणि मनवा मध्येच म्हणाली, "बाई आजी, एवढं कशाला करायचं? सावली जेवढी जास्त आहे तेवढा भाग कापून टाकायचा." तेव्हा मला तिचा मुका घ्यावासा वाटला होता.

बसमध्ये मी पर्समधून एक कागद काढला, त्यावर गणित लिहिलं, खाली उत्तर लिहिलं आणि घडी घातली.

"काय लिहितेस?" नणंदेने विचारलं.

"मुलांसाठी गणित."

"सुट्टीवर आलीस ना? तुला आणि तुझ्या त्या मुलांना देवानेच बघावं."

अलेक्झांड्रिया आलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लांबच लांब पिवळट इमारती, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेल्या. मधून जुनाट ट्राम डुलत चाललेली. बस बंदराच्या टोकाला, समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवर थांबली. तिथे कैतबेचा किल्ला आहे. निनादने सांगितलं की पूर्वी याच जागेवर ते प्रसिद्ध दीपगृह होतं, भूकंपात पडलं, आणि त्याचेच दगड किल्ल्याला लावले आहेत.

"आणि ह्याच शहरात," मी म्हटलं, "दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या ग्रंथालयाच्या प्रमुखाने नुसत्या सावलीवरून पृथ्वीचा घेर मोजला."

"वा, बाई. आता तुम्हीच गाईड," निनाद म्हणाला.

"गाईड नको. मुलांकडून एक छोटा प्रयोग करून घेऊ का? बस दीडला निघणार ना?"

"घ्या की. दीडपर्यंत सगळे मोकळेच आहेत."

डिसेंबरचे दिवस होते. तिथे डिसेंबरात सूर्य भर दुपारीही डोक्यावर येत नाही, सावल्या लांबच राहतात. बाहेरच्या अंगणात खजुराची झाडं होती. मी एक सरळ झाड निवडलं आणि जवळच्या बुटक्या भिंतीवर बसले. मग वाळिंबे साहेबांकडे हात पुढे केला.

"साहेब, तुमची काठी मिळेल का जरा?"

त्याने हसून दिली. "घ्या, घ्या. तुम्ही पण खात्यातल्याच वाटतं?"

"प्राथमिक शिक्षिका होते."

"तरीच. मुलं धरून ठेवायची हातोटी आहे तुमची. आमच्या वेळी अशा बाई असत्या तर तपासणीची गरजच पडली नसती."

मी काठी मुलांसमोर वितीने मोजली. बरोबर चार वीत भरली. ती उभी धरायला लावून सावली मोजली, साडेपाचच्या थोडी पुढे. मी मुलांना म्हटलं, "अजून नाही. सावली सहा वीत झाली की सुरुवात करू."

"किती वेळ लागेल?" मनवाने विचारलं.

"लागेल तेवढा. घाई नाही."

थांबण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आयुष्यभर मी दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत थांबत आले. मुलं किल्ल्यात जाऊन आली, समुद्राकाठच्या दगडांवर लाटा फुटताना बघून आली, आणि मी काठीची सावली बघत बसले. वारा गार होता. एक वाजत आला तशी सावली सहाच्या खुणेला टेकली.

मी घडीचा कागद उलगडला आणि भिंतीवर, माझ्या शेजारी ठेवला. वर एक खडा ठेवला.

"मनवा, बाळ, माझी पाण्याची बाटली राहिली बघ तिकडे वन्संकडे. आणतेस?"

ती पळत गेली, बाटली आणली, माझ्या शेजारी भिंतीवर ठेवली आणि परत झाडापाशी पळाली. कागदाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी नीट बघत होते.

मग मी सगळ्यांना हाक मारली. फोटो काढून कंटाळलेली मोठी माणसंही आली. साहेबही आला, पहिल्या रांगेत उभा राहिला.

मुलांनी खजुराची सावली काठीने मोजली. चौदा काठ्या आणि वर दोन वीत. म्हणजे अठ्ठावन्न. "नीट धरली नाहीत," मी म्हटलं आणि शेवटची काठी स्वतः टाकली. "पंधरा काठ्या. साठ वीत." मुलांसमोर मी त्यापूर्वी कधी खोटं माप धरलं नव्हतं.

"आता ऐका. चार वीत काठीची सावली सहा वीत पडते, त्याच वेळी खजुराची सावली साठ वीत..."

"चाळीस," मनवा म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबाने आजूबाजूला पाहिलं, छाती पुढे काढून. "वाळिंब्यांची आहे," तो म्हणाला.

"माझं बोलणं पुरं झालं नव्हतं," मी म्हटलं. "रीत सांग."

"सावलीचा तिसरा भाग काढून टाकला."

"ही कसली रीत?"

मनवा गोंधळली. "बाई आजी, तुम्हीच त्या दिवशी म्हणालात ना, छान आहे."

"भल्याभल्यांना जमत नाही हे. इथे इंजिनियर उभे आहेत." मी भिंतीवरचा कागद उचलला आणि सगळ्यांना दाखवला. "मघाशी तू पाणी ठेवायला इथे आलीस. हा कागद इथेच होता. उत्तरासकट."

"मी नाही बघितला."

"आली होतीस की नाही?"

"आले होते. पण तुम्हीच पाठवलंत."

"तेवढं पुरे. त्या झाडाखाली उन्हात उभी राहा."

टाळ्या वाजवणारे हात थांबले होते. कुणीतरी, "अहो बाई, चेष्टा पुरे," असं म्हणालं. मनवा झाडाकडे दोन पावलं जाऊन थांबली. ती माझ्याकडे बघत नव्हती, आजोबांकडे बघत होती. मीही त्याच्याचकडे बघत होते. एवढ्यासाठीच हा सगळा घाट.

"काय चाललंय हे?" तो म्हणाला. त्याचा आवाज साहेबाचा झाला होता. "माझी नात चोरून बघणारी नाही."

"कशावरून, साहेब? रीत तर तिला सांगता येत नाही."

"सांगितली की तिने. बरोबर आहे ती. सहातले दोन गेले, म्हणजे तिसरा वाटा. साठातले वीस गेले. हुशार मुलाला तोंडी येतं हे. त्यासाठी कागद बघायला..."

तो तिथेच अडला. सकाळचा किस्सा सगळ्यांच्या कानात ताजा होता. नणंदेने तोंडाला पदर लावला.

"बोला, साहेब," मी म्हटलं. "हुशार मुलाला तोंडी येतं. मग मासेवाल्याच्या मुलाला?"

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चष्मा, केस, सुरकुत्या सगळं एकेक करून बाजूला सारत असावा.

"जुवेकर," तो म्हणाला. "तुम्ही जुवेकर बाई."

"तिचं नाव शेवंती कुबल होतं. तिने कागद बघितला होता का नव्हता, एवढंच सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

त्याला बराच वेळ लागला. मी थांबले. नातीने त्याचं बोट धरलं होतं.

"नसेल बघितला," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"बघितला नव्हता. तिला येत होतं." त्याने खिशातून रुमाल काढला पण तोंड पुसलं नाही, नुसता हातात धरला. मला वाटलं, झालं. माझ्या अंगातून काहीतरी गरम आणि सुखाचं वाहत गेलं, ते मी नाकारणार नाही.

मग तो म्हणाला, "पण जुवेकर बाई, मी एकट्याने ठरवलं नव्हतं. मी तुम्हाला विचारलं होतं. वर्ग तुमचा, मूल तुमचं. मी विचारलं, ही टेबलापाशी आली होती का? तुम्ही काय म्हणालात?"

निनाद माझ्याकडे बघत होता. नणंद माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही म्हणालात, आली होती, साहेब. आणखी एक शब्द नाही. मी शेरेपुस्तकात लिहिलं, पुढे केलं, तुम्ही खाली सही केलीत. तुम्ही नुसतं म्हणाला असतात की हिला येतं हे, अंगणात आम्ही रोज करतो, तर मी तिला उभी केली नसती. मी नवीन होतो. मला काय माहीत, कुठल्या पोरीला काय येतं ते. तुम्हाला माहीत होतं."

लाटांचा आवाज येत होता. खरं होतं ते. कायम व्हायचे माझे कागद त्या महिन्यात त्याच्या टेबलावर होते, आणि हे गणित आधी घेतलं होतं असं म्हटलं असतं तर उत्तरं पाठ करून घेतल्याचा शेरा माझ्यावर आला असता. म्हणून मी "आली होती" एवढंच म्हणाले. तेही खरंच होतं. दोन महिन्यांनी मी कायम झाले.

"मी माझ्या नातीसाठी बोललो," तो तिचं बोट धरून म्हणाला. "पस्तीस वर्षं उशिरा का होईना, तिच्यासाठीही बोललो. तुम्ही दोघींसाठीही नाही."

त्याने माझ्या हातातली स्वतःची काठी काढून घेतली आणि तो मनवाला घेऊन बसकडे चालू लागला. माणसं हळूहळू पांगली.

जेवणाला समुद्राकाठच्या हॉटेलात आमच्या टेबलावर नणंद आणि मी दोघीच होतो. तिने बराच वेळ भात चिवडला.

"घेतलास सूड?" शेवटी ती म्हणाली.

"घेतला."

"त्याचा राहू दे. त्या लेकराने तुझं काय केलं होतं?"

मी म्हटलं, "जेवा, वन्सं."

परतीच्या बसमध्ये कुणी किस्से सांगितले नाहीत. मी मनवाच्या जागेपाशी गेले आणि तिला सांगितलं की तिचं उत्तर बरोबर होतं, तिने कागद बघितला नाही हे मला माहीत होतं, चूक माझी होती. तिने मान हलवली. आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी कैरोच्या वस्तुसंग्रहालयात एका लांबलचक दगडी पेटीपाशी मुलं थांबली. इतर दोघं सगळं विसरली होती. त्यांनीच मला ओढलं. "बाई आजी, ह्याचं गणित घाला."

मी सोपंच घातलं. पेटीची लांबी किती, तिच्यात एकापुढे एक असे किती मांजरांचे पुतळे मावतील, असलं काहीतरी. विचारताना मी मनवाकडे बघत होते. माझं बोलणं अर्धं व्हायच्या आतच तिचे ओठ हलले. उत्तर आलेलं होतं, मला स्पष्ट दिसलं. मग तिने ओठ मिटले, मागे वळून आजोबा कुठे आहेत ते पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"येतं तुला, बाळ. सांग."

"नाही येत."

मी थांबले. मला थांबता येतं. बाकीची मुलं कंटाळून पुढच्या दालनात गेली, निनादने दोनदा हाका मारल्या. मनवा पायातल्या बुटांकडे बघत उभी होती, आणि मी तिच्यासमोर उभी होते.